खाली बघायची सवय

हेलिकॉप्टर पुढं नेणं सोपं आहे. अवघड आहे ते त्याला हवेत एका जागी उभं करणं. जमिनीपासून माणसाच्या कमरेएवढं उचलायचं आणि तिथंच थांबायचं. ना पुढं, ना मागं, ना वर, ना खाली. याला हॉवर म्हणतात. लोकांना वाटतं, नुसतं थांबायला काय लागतं? अहो, थांबायलाच सगळं लागतं. डाव्या हातात वर-खाली करायची दांडी, तिच्याच मुठीला इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा पीळ, उजव्या हातात दिशेची काठी आणि पायांखाली शेपटी वळवणारी दोन पेडलं. एकाला हात लावला की बाकीची सगळी रुसतात. पहिल्या दिवशी मी ते यंत्र धुळ्याबाहेरच्या माळावर असं काही नाचवलं, की शेजारच्या शेतात वखर हाणणारा शेतकरी बैल सोडून बांधावर येऊन उभा राहिला. मी उतरल्यावर अगदी काळजीनं मला म्हणाला, "भाऊ, याले काय चावनं का?"

मी हसलो नाही. मला रडायला येत होतं.

ही गोष्ट बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीची. कपाशीवर हेलिकॉप्टरनं औषध फवारायची एक खासगी कंपनी तेव्हा खान्देशात नवीन आली होती. माझ्याकडे विमानाचा परवाना होता, पण परवाना असून काम मिळेना म्हणून नुसता हात चोळत बसलो होतो. कंपनीनं मला एका अटीवर घेतलं. पावसाळ्याआधी त्यांच्या मोठ्या पायलटच्या हाताखाली हेलिकॉप्टर शिकायचं. जमलं तर फवारणीच्या हंगामात कामाला लागायचं, नाही जमलं तर घरी. घरी म्हणजे जळगावला, दाणाबाजारात, बापूजींच्या दुकानात, गादीवर. त्या गादीला मी किती भ्यायचो ते कुणाला सांगून पटणार नाही. लोक म्हणायचे, अरे, बसल्या जागी सगळं आहे तुला! मला तेच तर नको होतं.

आमचं घराणं मूळचं मारवाडातलं. पणजोबा कधीतरी इकडे आले आणि इथलेच झाले. घरात आम्ही मारवाडी बोलायचो, शाळेत पुस्तकी मराठी, आणि दुकानात आलेल्या शेतकऱ्याशी बापूजी अशी काही अहिराणी बोलायचे की नवा माणूस त्यांना तिथलाच समजायचा. धर्म मात्र त्यांनी तसूभरही सैल होऊ दिला नाही. आम्ही जैन. पाणी गाळून प्यायचं, सूर्य मावळला की तोंडाला कुलूप, आणि चालताना खाली बघायचं. हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. पुढच्या चार हात जमिनीवर नजर ठेवायची आणि मुंगी, किडा, काही नाही ना ते बघूनच पाऊल टाकायचं. मी चालायला शिकलो तेच मुळी असा. बापूजी माझा हात धरून स्थानकात, म्हणजे आमचे साधू उतरतात त्या जागी, न्यायचे, आणि मी वर बघितलं की हाताला हलकासा हिसका द्यायचे. बोलायचे नाहीत, नुसता हिसका. पुढं शाळेत पोरं मला चिडवायची की याचं काहीतरी कायम हरवलेलं असतं.

अशा माणसाला मी सांगितलं, की मी कपाशीवर विष फवारणार आहे.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. केला असता तर मी दुप्पट केला असता, तेवढी धमक माझ्या जिभेत तेव्हा होती. ते एवढंच म्हणाले, "अळीलासुद्धा जगायचं असतं रे." मग म्हणाले, "दुकान आहे. ते तुझंच आहे." आणि त्यानंतर आमच्यात जेवलास का, निघालास का, एवढ्यापुरतंच बोलणं उरलं. मधल्या मध्ये माझ्या आईचे हाल. तिला आम्ही बाई म्हणायचो. ती बिचारी याचा निरोप त्याला नि त्याचा याला करत बसायची.

मी धुळ्याला देवपुरात एक खोली घेऊन राहिलो. रोज पहाटे सायकलनं माळावर जायचो, कारण मे महिन्यात ऊन चढलं की हवा पातळ होते आणि यंत्राला नीट उचल मिळत नाही. शिकवणारे साहेब फौजेतून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे. कपाळाला आठी कायमची, आणि बोलणं असं की माणूस जागच्या जागी भाजून निघावा. मला ते पहिल्या दिवसापासून शेठ म्हणायचे.

"शेठ, कुठं बघतोयस?"

"समोर, साहेब."

"थापा मारू नकोस. तुझी मान दिसतीय मला. समोर म्हणजे तुझ्या पायाच्या अंगठ्यापाशी का?"

तेच तर माझं दुखणं होतं. त्या हेलिकॉप्टरला पुढं नुसता काचेचा घुमट असतो. दोन पायांच्या मधून थेट जमीन दिसते, अगदी खडा न् खडा. आणि हॉवर करताना तिकडेच बघायचं नसतं. जवळची जमीन बघितली की प्रत्येक वीतभर हालचाल दिसते, ती सावरायला हात जातो, हात गेला की यंत्र दुसरीकडे पळतं, मग ते सावरायचं, आणि असं करता करता सगळंच अंगावर येतं. नजर लांब ठेवायची असते. लांबचं एखादं झाड धरायचं आणि त्याच्याकडेच बघत राहायचं, म्हणजे हात आपोआप शांत होतात. माळाच्या टोकाला एक कडुलिंब होता. साहेबांनी मला तो दिला होता. "तो तुझा देव," म्हणायचे, "दुसरीकडे बघितलंस तर पाप लागेल."

मी बघायचो हो त्या लिंबाकडे! जीव तोडून बघायचो. पण यंत्र खाली यायला लागलं, आता टेकणार असं वाटलं, की नजर घसरलीच. माझ्या हातात नव्हतं ते. टेकायच्या आधी खाली बघायचं, हे माझ्या हाडात शिरलेलं. साहेब ओरडून ओरडून दमले. "माझ्या उभ्या जन्मात एवढी ताठ मान आणि एवढी पडकी नजर बघितली नाही," म्हणाले. इतर सगळं मला येत होतं. सरळ नेणं, वळवणं, उंचीवरून खाली आणणं, सगळं. नुसतं थांबणं आणि टेकणं तेवढं येईना, आणि तेच आलं नाही तर बाकी सगळं फुकट. खोलीवर परत आलो की भिंतीवर खिळा बघून त्याच्याकडे टक लावून उभा राहायचो आणि डोळे न हलवता हळूहळू खाली बसायचो. घरमालकीणबाईंनी एकदा दारातून पाहिलं आणि त्या दिवसापासून मला चहा द्यायलासुद्धा दारातूनच द्यायला लागल्या.

जूनच्या सुरुवातीची ती सकाळ. आभाळ भरून आलेलं, पण पाऊस नव्हता. त्या दिवशी मला खरंच जमत होतं. लिंब, लिंब, लिंब. यंत्र असं स्थिर राहिलं की साहेबसुद्धा गप्प झाले. मग म्हणाले, "शाब्बास. आता टेकव. मऊ टेकव. लिंबाकडे बघत."

मी दांडी हळूहळू खाली सोडायला लागलो. जमीन वर येत होती. आणि मी खाली बघितलं.

पायांच्या मधून मला टिटवी दिसली. टिटवी घरटं कसलं करते, चार खडे गोळा करते नि उघड्या माळावर अंडी घालते. ती उडाली नव्हती. एवढा कानठळ्या बसवणारा आवाज, धुळीचा लोट, आणि ती दोन्ही पंख पसरून, चोच वर करून आमच्यावर ओरडत उभी होती. आवाज ऐकू येत नव्हता, नुसती उघडी चोच दिसत होती. मी काही ठरवलं नाही. ठरवायला वेळच नव्हता. मी दांडी वर खेचली आणि काठी डावीकडे लोटली, बाजूला होऊ म्हणून. पण दांडी खेचताना इंजिनाला पीळ द्यायचा राहिला. वरच्या पात्यांचा जोर गेला, यंत्र वर जायच्या ऐवजी तिरकं खाली घसरलं आणि टेकायचा डावा स्किड, म्हणजे खालची आडवी नळी, बांधाच्या दगडात अडकला. साहेब "सोड!" म्हणून ओरडले आणि त्यांनी काठी धरलीसुद्धा, पण तोवर आम्ही कलंडलो होतो. पाती जमिनीला लागली आणि त्या हिसक्यानं यंत्र उलट्या बाजूला गरकन फिरलं. मग असा आवाज झाला, की तो मला आजही सांगता येत नाही.

शेतातली माणसं धावत आली. काचेतून मला कुणीतरी ओढून काढत होतं आणि कुणीतरी विचारत होतं, "जित्ता शे का? भाऊ, जित्ता शे का तू?" मी जिवंत होतो. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. साहेबांच्या कपाळातून रक्त वाहत होतं, डोळ्यांत उतरत होतं, आणि तशाही अवस्थेत ते इंधन कुठं सांडलंय ते बघून लोकांना विड्या विझवायला सांगत होते. मी मान वळवली. टिटवी वर घिरट्या घालत होती, ओरडत होती. आणि जिथं ती उभी होती त्या जागेवर आमचं यंत्र पडलेलं होतं. जिच्यासाठी बाजूला झालो, तिच्याच अंड्यांवर आडवा झालो. मी तिथंच ओकलो.

बापूजी त्याच दिवशी दुपारच्या एसटीनं आले. धुळ्याच्या दवाखान्यात माझ्या खाटेपाशी उभे राहिले. माझ्या कपाळावरून हात फिरवला, मग पलीकडच्या खाटेवर साहेबांच्या डोक्याला बांधलेली पट्टी बघितली आणि त्यांच्यासमोर हात जोडले. ते साहेबांना ओळखतही नव्हते. साहेब म्हणाले, "बसा शेठजी, बसा. पोरगं वाचलंय. यंत्राचं काय, ते कंपनीचं आहे."

"कसं झालं?" बापूजींनी मला विचारलं.

मला वाटलं होतं, टिटवीचं सांगितलं की त्यांना बरं वाटेल. त्यांचंच शिकवलेलं केलं होतं मी. मी सांगितलं, सगळं. खाली बघितलं तेही, अंड्यांचं काय झालं तेही. ते काही बोलेनात. नुसते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या त्या गप्प बसण्यानं माझं डोकं फिरलं. हाड दुखत होतं, नोकरी गेल्यात जमा होती, आणि हा माणूस आताही काही बोलत नाही!

"बघता काय?" मी ओरडलो. "तुम्हीच शिकवलंत ना खाली बघायला? हाताला हिसके देऊन देऊन? मला मान वर करता येत नाही तुमच्यामुळे! मी मेलो असतो, हे साहेब मेले असते. आणि ती अंडीसुद्धा नाहीच वाचली!"

बापूजींनी धोतराचा सोगा डोळ्यांना लावला. मी त्यांना रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, त्यांचे वडील गेले तेव्हासुद्धा नाही. ते उठले आणि साहेबांच्या खाटेपाशी जाऊन बसले. हळू आवाजात त्यांना विचारलेलं मला ऐकू आलं, "मग बघायचं तरी कुठं असतं, साहेब?"

साहेबांनी त्यांना सांगितलं. लांबचं एक काहीतरी धरायचं असतं, जवळचं आपोआप सांभाळलं जातं. "पण ह्याची नजर झाडाला काही धरत नाही, शेठजी," ते म्हणाले. "झाड काय, हलत नाही, बोलत नाही. ह्याची नजर सुटतीच." बापूजी मन लावून ऐकत होते, दुकानात एखाद्या शेतकऱ्याची अडचण ऐकायचे तसे.

कंपनीचे मोठे साहेब मुंबईहून आले. मोडलेल्या यंत्राभोवती फिरले. टिटवीचं ऐकल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी वेड्यांच्या इस्पितळातून पळून आलोय. माझी तेव्हाच बोळवण व्हायची, पण आमच्या साहेबांनी, कपाळाला टाके घातलेल्या अवस्थेत, माझी बाजू घेतली. हाड जुळलं की दुसऱ्या यंत्रावर एकदा बसवू, म्हणाले. एकदाच. उचलून, थांबवून, टेकवून दाखवलं तर ठेवा, नाहीतर मीच ह्याला जळगावच्या गाडीत बसवून देतो.

हाड जुळेपर्यंत मी घरी होतो. आयुष्यातले सगळ्यांत वाईट दिवस म्हणाल तर ते. हात गळ्यात बांधून दुकानात बसायचं आणि येईल त्या गिऱ्हाइकाला पडल्याची हकिकत सांगायची. बाजारातले लोक बापूजींना म्हणायचे, "चला, बरं झालं, डोक्यातलं खूळ तर गेलं." बापूजी हो म्हणत नव्हते की नाही म्हणत नव्हते. त्यांना मी परत गादीवर हवा होतो, हे काय मला माहीत नव्हतं? मी नापास झालो की त्यांचं सगळंच साधत होतं. पोरगा घरी येत होता, पापातून सुटत होता, जिवानिशी राहत होता. मी त्यांच्या जागी असतो तर नवस बोललो असतो. मी त्यांच्याशी बोलत नव्हतो. दवाखान्यात जे तोंडातून गेलं होतं त्याच्याबद्दल ना त्यांनी काही काढलं, ना मी. बाई म्हणायची, "बाप-लेक आहात की भिंती?"

मग आषाढात चातुर्मास लागला. महाराज साहेब, म्हणजे आमचे साधू, स्थानकात मुक्कामाला आले. बापूजींचा दर चातुर्मासाचा नेम होता, तो त्यांनी याही वर्षी सगळ्यांसमोर हात जोडून घेतला. चार महिने जळगावची वेस ओलांडायची नाही. पावसात जमिनीवर जीवच जीव होतात, म्हणून जेवढं कमी फिरता येईल तेवढं कमी. आणि हिरव्या गवतावर पाय द्यायचा नाही. हा तर त्यांचा पावसाळाभरचाच नव्हे, जन्माचा नेम. गवतातही जीव आणि गवताखालीही जीव. पावसाळ्यात शेतातल्या कुणाच्या पूजेला किंवा मयतीला जायची वेळ आली, तरी ते रस्त्यावरच उभे राहायचे आणि तिथूनच हात जोडायचे. लोकांना ते माहीत होतं, कुणी वाईट वाटून घेत नसे.

मी धुळ्याला निघालो तेव्हा बाईनं हातावर साखर ठेवली. बापूजी दुकानात होते. मी दुकानावरून गेलो, म्हटलं, "जातो." ते म्हणाले, "केव्हा आहे?" मी सांगितलं, परवा, दहाच्या सुमाराला. त्यांनी मान हलवली आणि समोरच्या शेतकऱ्याला म्हणाले, "बठ भाऊ, बठ." माझा संताप झाला. एक शब्द नाही! नीट कर नाही, जपून कर नाही. गाडीत बसेपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होतो.

त्या दिवशी माळ ओळखू येत नव्हता. मी इथून गेलो तेव्हा नुसता फुफाटा होता, आता सगळं हिरवंगार, घोट्यापर्यंत गवत. रात्री पडून गेलेल्या पावसाचं पाणी गवतावर होतं. मोठे साहेब रस्त्याच्या कडेला गाडीपाशी छत्री धरून उभे. आमचे साहेब माझ्या शेजारी बसले. कपाळावरचा व्रण लालभडक दिसत होता. "शेठ," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच आवाज मऊ होता, "मी काही बोलणार नाही. तू आणि तो लिंब, तुमचं तुम्ही बघा."

मी उचललं. आणि लगेच कळलं, काही होत नाहीये. पाचावर धारण बसली होती. लिंबाकडे बघतोय, नजर घसरतेय. खाली हिरवं गवत वाऱ्यानं आडवं पडतंय, त्यात काय असेल, कोण असेल. ती उघडी चोच डोळ्यांसमोरून हलेना. यंत्र डुलायला लागलं, पुढं-मागं, पुढं-मागं, दर वेळी थोडं जास्त. साहेबांचा हात काठीजवळ आलेला मला कडेनं दिसला. त्यांनी धरली की संपलं. मी मान जबरदस्तीनं वर केली.

आणि मला बापूजी दिसले.

ते लिंबाजवळच्या रस्त्यावर उभे होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा. जळगावची वेस ओलांडून, पहिल्या एसटीनं धुळ्याला. मला आधी खरंच वाटेना. ते माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी वाकून वहाणा काढल्या, हातात घेतल्या आणि रस्त्यावरून गवतात उतरले.

मी काय सांगू! माझे बापूजी हिरव्या गवतातून चालत येत होते. मान वर. एकदाही खाली बघत नव्हते. सरळ माझ्याकडे बघत, एकेक पाऊल टाकत, थेट माझ्या दिशेनं. त्यांच्यावरची नजर मला काढता येणंच शक्य नव्हतं. कुणी कानाखाली बंदूक उडवली असती तरी मी दुसरीकडे बघितलं नसतं. मी रडत होतो, ते मला नंतर कळलं. पात्यांचा वारा जिथपर्यंत येतो त्याच्या अलीकडे ते थांबले आणि उभे राहिले. धोतर फडफडत होतं. त्यांनी एक हात वर केला, इकडे बघ, अशा अर्थानं.

साहेबांचा हात काठीपासून मागं गेला. "स्थिर आहे," ते म्हणाले. मला माहीतच नव्हतं. यंत्र हवेत उभं होतं, हलत नव्हतं. "आता टेकव," ते म्हणाले. मी बापूजींकडे बघत दांडी सोडत गेलो. खाली काही मऊसं लागलं, आणि साहेब म्हणाले, "झालं. टेकलं. बंद कर."

खाली काय होतं ते मी बघितलं नाही. आजही मला माहीत नाही.

पाती थांबल्यावर मी उतरलो. मोठ्या साहेबांनी लांबूनच हात हलवला, म्हणजे नोकरी राहिली. आमचे साहेब माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "जा, आधी तिकडे जा." मी धावत गेलो आणि बापूजींच्या पाया पडलो. त्यांची पावलं भिजून गार पडली होती, बोटांमध्ये गवताच्या काड्या अडकल्या होत्या.

"जमलं?" ते म्हणाले.

"जमलं, बापूजी."

"मला माहितीय तू ऐकणार नाहीस," ते म्हणाले. "इथं नाही तर दुसरीकडे कुठं जाऊन उडवशीलच. मग निदान जिवंत तरी राहा. नजर खाली मीच लावली होती, मीच वर केली. आता पुढचं जे काय करशील ते तुझं."

मी म्हटलं, चला, रस्त्यावर जाऊ, पाऊस येईल. ते हलेनात. मी पुन्हा म्हटलं. ते मागं वळून रस्त्यापर्यंतच्या त्या हिरव्या पट्ट्याकडे बघत होते.

"येताना तू दिसत होतास," ते म्हणाले. "आता नुसतं गवत दिसतंय. मला पाऊल उचलता येत नाहीये रे."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग आम्ही चालायला लागलो, अगदी हळूहळू. मी पुढं, खाली बघत. जिथं उघडी माती होती, दगड होता, गवत विरळ होतं, तिथं तिथं मी त्यांना न्यायचो. इथं पाय ठेवा, बापूजी. आता इकडे. थोडं लांब टाका. ते मुकाट्यानं ठेवत होते. मला उमज आल्यापासून त्यांनी एवढं माझं कधी ऐकलं नव्हतं.

डांबर पायाला लागलं तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"रस्ता आला," मी म्हटलं.

"पायाखाली कुणी आलं का रे?"

मी बघितलं. त्यांच्या उजव्या टाचेला एक इवलासा हिरवा नाकतोडा चिकटलेला होता, चिरडलेला.

"कुणी नाही, बापूजी," मी म्हटलं. मग त्यांच्या हातातल्या वहाणा घेऊन खाली बसलो, आणि वहाणा घालून द्यायच्या निमित्तानं त्यांची टाच माझ्या रुमालानं पुसून काढली.